मेटाडेटा (वैज्ञानिक संशोधनातील)

मेटाडेटा म्हणजे डेटाविषयीचा डेटा. नोंद कोणी, कुठे, केव्हा, कोणत्या उपकरणाने व कोणत्या एककात घेतली, तिच्यावर पुढे काय संस्कार झाले आणि ती कोणत्या अटींवर वापरता येते, एवढे सारे त्यात येते. मराठीत ‘विदा’ आणि ‘अधिविदा’ असे प्रतिशब्द आहेत; प्रयोगशाळांत मात्र इंग्रजी शब्दच रुळले आहेत. ग्रंथालयातले कॅटलॉगचे कार्ड आणि संग्रहालयातल्या नमुन्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी ही त्याची जुनी रूपे.

२६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस ९४४ मिमी, हे अनेकांना पाठ आहे. अभ्यासाला नुसता हा आकडा पुरत नाही. तो सांताक्रूझ केंद्राचा आहे. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७४ मिमी पाऊस पडला. भारतीय हवामान विभागाचा पर्जन्यदिवस सकाळी ८:३० ला संपतो आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजणीच्या तारखेवर चढतो. त्यामुळे २६ तारखेला दुपारपासून कोसळलेला पाऊस दैनिक तक्त्यात २७ जुलैसमोर सापडतो. जागतिक प्रमाणवेळेनुसार मांडलेल्या उपग्रहाच्या तक्त्यात दिवस आपल्या पहाटे ५:३० ला सुरू होतो. असे दोन तक्ते केवळ तारीख पाहून जोडले की पाऊस एका दिवसाने सरकतो, सहसंबंध घसरतो आणि बोल उपग्रहाला लागतो. ‘केंद्र : सांताक्रूझ, कालावधी : तारखेच्या सकाळी ८:३० ला संपणारे २४ तास, एकक : मिमी’ ही एक ओळ हा घोटाळा टाळते.

गहाळ नोंदींचेही असेच. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून मिळणाऱ्या ०.२५ अंश जाळीच्या दैनिक पर्जन्यसंचात (१९०१ पासून) मूल्य नसलेल्या चौकटीत -९९९ असते. हे न वाचता सरासरी काढणाऱ्याला उणे पाऊस मिळतो. तेवढी चूक निदान डोळ्यांत भरते. गहाळ नोंदीसाठी शून्य लिहिण्याची सवय जास्त घातक, कारण ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘मापकच बंद होता’ यांतला फरक नंतर कोणालाही शोधून काढता येत नाही.

मानके

प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहिलेला मेटाडेटा माणसाला कळतो, यंत्राला नाही. म्हणून रकान्यांची नावे व अर्थ ठरवून देणारी मानके आली. डब्लिन कोअर हे सर्वसाधारण मानक १९९५ च्या एका कार्यशाळेतून निघाले. त्यातले डब्लिन आयर्लंडचे नसून अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले. शीर्षक, निर्माता, विषय, तारीख, हक्क असे त्याचे १५ घटक आहेत. एखादा संच आहे हे कळायला ते पुरेत. तो वापरायचा तर विषयाचे स्वतंत्र मानक लागते.

खगोलशास्त्रात प्रतिमा साठवण्याच्या फिट्स नावाच्या फाइलच्या आरंभी प्रत्येकी ८० अक्षरांच्या ओळींत मेटाडेटा असतो, त्यामुळे प्रतिमा आणि तिची माहिती यांची ताटातूट होत नाही. हवामान प्रतिमानांसाठी (संगणकावरच्या मॉडेलांसाठी) नेटसीडीएफ ही फाइल आणि तिच्यातली नावे व एकके ठरवणारे सीएफ संकेत वापरतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या प्रतिमानासह जगभरच्या प्रतिमानांची फलिते त्यामुळे एकाच आज्ञावलीने वाचता येतात. त्यात पाऊस मिमीमध्ये नसतो. तो दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे किलोग्रॅम अशा एककात असतो. मिमी प्रतिदिन हवे तर ८६,४०० ने गुणावे लागते. एककाची ओळ न वाचणाऱ्याला कोकण वाळवंट वाटेल.

जीवजातींच्या नोंदी : डार्विन कोअर

जैवविविधतेच्या नोंदींसाठी डार्विन कोअर हे मानक २००९ मध्ये संमत झाले. कोपनहेगनमध्ये सचिवालय असलेले जीबीआयएफ हे जागतिक जाळे त्यावर चालते. एका आढळनोंदीला किमान चार गोष्टी लागतात : जगात एकमेव असा नोंदक्रमांक, नोंदीचा आधार (जतन केलेला नमुना, माणसाने केलेले निरीक्षण, कॅमेरा इत्यादी), शास्त्रीय नाव आणि तारीख. अक्षांश-रेखांश, त्यांचे आधारपृष्ठ (पृथ्वीचा कोणता मानलेला आकार धरून ते मोजले ते) आणि मीटरमधली अनिश्चितता यांची जोरदार शिफारस असते, सक्ती नसते. प्रत्यक्षात त्यांच्याविना नोंद नकाशावर येतच नाही.

सर्वाधिक चुका इथेच होतात. पुण्याचे १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व हे आकडे उलटे भरले गेले, तर पुण्यातली चिमणी नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या दक्षिणेकडच्या समुद्रात जाऊन बसते. रिकामी जागा शून्य मानली गेली तर ती आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पोचते. दशांशस्थळांचाही खोटा रुबाब असतो : पाच स्थळे म्हणजे सुमारे एक मीटर, दोन स्थळे म्हणजे सुमारे एक किलोमीटर. गावाच्या नावावरून काढलेल्या बिंदूला सहा दशांशस्थळे देऊन अनिश्चितता कोरी ठेवणे ही फसवणूकच, नकळत केलेली असली तरी.

जुन्या चिठ्ठ्यांवरचा मजकूर ‘मूळ शब्दांत’ या रकान्यात जसाच्या तसा उतरवावा आणि आजचा अर्थ शेजारच्या रकान्यात द्यावा. १९८१ पूर्वीच्या चिठ्ठीवर आंबोली रत्नागिरी जिल्ह्यात असते, कारण सिंधुदुर्ग जिल्हाच तेव्हा नव्हता. कुलाबा हे तर मुंबईतले ठिकाणही आहे आणि आजच्या रायगड जिल्ह्याचे जुने नावही. चिठ्ठी ‘दुरुस्त’ करून मूळ शब्द पुसले की पुढच्या अभ्यासकाला पडताळणीची वाट उरत नाही. प्रजातींच्या नावांचेही तेच : बुफो मेलॅनोस्टिक्टस आज डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस आहे, दोन्ही नावे ठेवावीत.

संकटग्रस्त प्रजातींचे अचूक ठिकाण उघड करू नये. आंबोलीचा झँथोफ्रायनी टायगरिना हा भेक अशांपैकी. अक्षांश-रेखांश ०.१ अंशापर्यंत, म्हणजे साधारण ११ किमीपर्यंत, ढोबळ करता येतात. पण तसे केल्याची नोंद त्यासाठी असलेल्या रकान्यात हवीच. न सांगता केले तर घाटमाथ्यावरचा भेक एखाद्या प्रतिमानात सातशे मीटर खाली कोकणात उतरतो.

प्रत्यक्ष काम

मेटाडेटा मोजणीच्या दिवशीच लिहावा. लेख स्वीकारला गेल्यावर लिहायला बसले की मापकाचे अंशांकन कधी झाले, तिसऱ्या प्लॉटची दोरी का बदलली, हे कोणालाच आठवत नाही. मूळ फाइल केवळ वाचता येईल अशी बंद करून ठेवावी आणि काम तिच्या प्रतीवर करावे. सोबत साध्या मजकुराची ‘रीडमी’ फाइल आणि रकान्यांचा कोश द्यावा. कोशात प्रत्येक रकान्याचे नाव, अर्थ, एकक, शक्य मूल्यांची मर्यादा आणि गहाळ मूल्याची खूण असते. तारीख २००५-०७-२६ अशी, वर्ष आधी घालून लिहावी. ०७/०८/२००५ हा अमेरिकेत जुलै आणि आपल्याकडे ऑगस्ट.

एक्सेलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. सेप्ट१, मार्च१ अशा जनुकनावांना ते तारखा समजत असे. मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये अखेर जनुकांचीच नावे बदलली. मराठी स्थानिक नावे असलेली सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ या युनिकोड संकेतनात, फाइलच्या आरंभी येणाऱ्या बीओएम खुणेसह जतन केली नाही तर एक्सेलमध्ये अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले सर्वेक्षण आधी युनिकोडमध्ये आणावे लागते. तक्त्यात देवनागरी अंक टाळावेत. बहुतेक प्रणाली त्यांना संख्या न मानता मजकूर मानतात.

सामायिक करणे

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली फेअर तत्त्वे चार अपेक्षा ठेवतात : डेटा सापडावा, मिळावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा. फेअर म्हणजे सर्वांना खुला असा अर्थ नाही. रुग्णांचा डेटा कुलपात राहू शकतो, पण तो आहे आणि कोणाकडे मागायचा, हे सांगणारा मेटाडेटा उघडा हवा.

स्थायी ओळखीसाठी डीओआय हा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक घेतात. असे डीओआय देणाऱ्या डेटासाइट या संस्थेच्या आराखड्यात ओळखक्रमांक, निर्माता, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष आणि प्रकार ही सहा माहितीपदे सक्तीची आहेत. ती दहा मिनिटांत भरून होतात आणि म्हणूनच अनेक संच तेवढ्यावरच थांबतात. परवान्याची जागा कोरी ठेवली तर सावध अभ्यासक तो संच वापरतच नाही. जीबीआयएफवर सीसी-शून्य, सीसी-बाय आणि सीसी-बाय-एनसी या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांपैकी एक निवडावाच लागतो. चूक सापडल्यास जुनी फाइल गुपचूप बदलू नये. झेनोडोसारख्या भांडारात प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो, शिवाय सर्व आवृत्त्यांसाठी एक सामाईक डीओआय असतो. लेखात आपण प्रत्यक्ष वापरलेल्या आवृत्तीचा डीओआय द्यावा. सामाईक डीओआय वाचकाला सर्वांत नव्या आवृत्तीकडे नेतो आणि तिथले आकडे लेखातल्या आकड्यांशी जुळतीलच असे नाही.