शहरातून आलेली बाई : ‘सनराइज’ची पार्श्वभूमी

जर्मन दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाउ यांच्या ‘सनराइज’ या १९२७ सालच्या मूकपटात एक लहानसा प्रसंग आहे. अनेकदा पाहूनही तो मला पचलेला नाही. ज्या नवऱ्याने त्याच दिवशी भर तलावात बायकोला बुडवून मारायचे ठरवले होते, तोच नवरा शहरातल्या एका उपाहारगृहात तिच्यापुढे केकची बशी सरकवतो. ती एक तुकडा उचलते, खाण्याचा प्रयत्न करते आणि तिला रडू कोसळते. जेनेट गेनर या अभिनेत्रीने हे रडणे इतक्या साधेपणाने केले आहे की पाहणाऱ्याचा घसा दाटून येतो. पण पुढच्या काही मिनिटांत ती त्याला क्षमा करते आणि चित्रपटही तिच्याबरोबर त्याला क्षमा करून मोकळा होतो, तेव्हा माझ्या मनात दरवेळी एकच प्रश्न उरतो : खून करायला निघालेला माणूस इतक्या लवकर निर्दोष ठरतो, तर मग त्या गुन्ह्याचे ओझे जाते कुठे? ते एका तिसऱ्या व्यक्तीच्या खांद्यावर जाते. ती तिसरी व्यक्ती कशी घडली, हे समजून घ्यायचे तर या कथेचा जवळपास बावीस वर्षांचा प्रवास पाहावा लागतो.

चित्रपटातल्या कोणत्याही प्रमुख पात्राला नाव नाही. ‘पुरुष’, ‘पत्नी’ आणि ‘शहरातून आलेली बाई’ एवढीच त्यांची ओळख. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी खेड्यात आलेली ही बाई एका शेतकऱ्याला भुरळ घालते, तो तिच्यापायी सावकारांच्या तावडीत सापडतो, गोठ्यातली जनावरे जातात, आणि एके रात्री चंद्रप्रकाशात दलदलीकाठी ती त्याला सुचवते की बायको बुडून मेली तर सारेच सोपे होईल. चित्रपटाचे उपशीर्षक आहे ‘दोन माणसांचे गीत’. कथेला चालना देणारी माणसे मात्र तीन आहेत. त्या तिसरीला शीर्षकाने मोजलेलेच नाही.

मूळ कथेत ही शहरी बाई नव्हती. हेर्मान झुडरमान हे पूर्व प्रशिया या तेव्हाच्या जर्मन प्रांतात, मेमेल या बंदराच्या परिसरात १८५७ साली जन्मलेले जर्मन लेखक. त्यांचा त्या भागातल्या लिथुआनियन कोळी-शेतकऱ्यांवरचा कथासंग्रह १९१७ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात ‘तिल्झितची सफर’ ही दीर्घकथा होती. कथेतल्या नवऱ्याचे नाव अन्सास, बायकोचे इंद्रे, आणि ज्या स्त्रीमुळे त्याची मती फिरते ती त्यांच्याच घरातली मोलकरीण आहे. म्हणजे संकट बाहेरून आलेले नाही. ते घरातच, एकाच छपराखाली, रोजच्या व्यवहारातून वाढलेले आहे. इंद्रेला नवऱ्याच्या हेतूचा संशय आहे आणि तरीही ती होडीत बसते. तिचे हे बसणे भाबडेपणाचे नाही. मनाशी सारे जोखून एका स्त्रीने घेतलेला तो निर्णय आहे, आणि मला तो चित्रपटातल्या पत्नीच्या निरागसतेपेक्षा कितीतरी अधिक हलवून सोडतो.

सर्वांत महत्त्वाचा फरक शेवटात आहे. झुडरमान यांच्या कथेत तिल्झित शहरात पतिपत्नींचे मन पुन्हा जुळते, पण परतीच्या वाटेवर अपघात होतो. नवऱ्याने स्वतःचा जीव वाचावा म्हणून आणलेली लव्हाळ्याची जुडी बायकोच्या कामी येते; ती वाचते आणि तो बुडतो. महापुरात लव्हाळे वाचते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण इथे ते लव्हाळे खुनाच्या बेताचा भाग होते, हे विसरता येत नाही. लेखकाने या माणसाला पश्चात्तापाचा एक दिवस दिला, तरी किंमत चुकवायला लावली. चित्रपटात तो जगतो. बायको बुडाली अशी समजूत होऊन तो शहरातल्या बाईचा गळा आवळतो, आणि बायको जिवंत असल्याची हाक येताच तिला सोडून घराकडे धावतो. म्हणजे दिवसाच्या सुरुवातीला एका स्त्रीच्या जिवावर उठलेले हात दिवस संपताना दुसरीच्या गळ्याशी जातात, आणि या दुसऱ्या वेळी प्रेक्षकाने त्याच्या बाजूने असावे अशी मांडणी आहे.

हा बदल केवळ अमेरिकी बाजाराच्या दडपणाखाली झाला असे म्हणणे सोपे आहे, पण पटकथा कार्ल मायर यांनी लिहिली होती आणि ते हॉलिवुडला गेलेही नव्हते. मायर आणि मुर्नाउ यांनी याआधी १९२४ साली ‘द लास्ट लाफ’ नावाने जगभर गाजलेला चित्रपट केला होता. त्यात एका हॉटेलच्या दारवानाची संपूर्ण वाताहत दाखवल्यावर शेवटी एक अनपेक्षित सुखान्त जोडला आहे. मात्र तो जोडताना पडद्यावर पाटी टाकून सांगितले आहे की प्रत्यक्षात या माणसाला मरणाखेरीज काही उरले नसते, कथाकाराला त्याची दया आली म्हणून हा शेवट दिला आहे. त्या कबुलीत मला एक सचोटी दिसते. ‘सनराइज’च्या सुखान्ताला अशी कबुली नाही. सूर्य उगवतो, पत्नी डोळे उघडते, आणि सारे निसर्गनियमानेच घडले असे वाटू लागते.

हॉलिवुडमधल्या फॉक्स चित्रपट कंपनीचे मालक विल्यम फॉक्स यांनी मुर्नाउ यांना १९२६ साली कॅलिफोर्नियात आणले आणि हवा तेवढा पैसा व मोकळीक दिली. तलावाकाठचे गाव लेक ॲरोहेड येथे उभारले गेले, शहर स्टुडिओच्या आवारात बांधले, आणि दोघांना जोडणारी ट्रॅमही खरोखरच्या रुळांवर धावली. पण ज्या फॉक्स यांच्या पैशावर ही शहरी बाई पडद्यावर आली, त्यांच्याच कंपनीने बारा वर्षांपूर्वी तिची पूर्वज घडवली होती. रडयर्ड किपलिंग यांच्या १८९७ सालच्या एका कवितेवरून नाटक झाले, आणि त्या नाटकावरून फॉक्स यांनी १९१५ साली ‘अ फूल देअर वॉज’ हा चित्रपट काढला. त्यात थीडा बारा यांनी पुरुषांना नादी लावून संपवणारी जी स्त्री उभी केली, तिच्यामुळे ‘व्हॅम्प’ हा शब्द चित्रपटांच्या भाषेत कायमचा रुजला. हिंदी चित्रपटांतून तो आपल्याही बोलण्यात आला. थीडा बारा या मूळच्या थिओडोसिया गुडमन, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात वाढलेल्या. कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने मात्र त्यांचा जन्म वाळवंटात, पिरॅमिडच्या सावलीत झाल्याची कहाणी पसरवली. पुरुषाला बिघडवणारी स्त्री आपल्यातली असू नये, ती कुठून तरी बाहेरून आलेली असावी, ही गरज तेव्हाच पुरी केली जात होती.

१९२७ साली ‘बाहेर’ म्हणजे वाळवंट उरले नव्हते. ते शहर झाले होते. अमेरिकेच्या १९२० सालच्या जनगणनेत शहरी लोकसंख्या पहिल्यांदाच ग्रामीण लोकसंख्येपेक्षा अधिक भरली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घटनादुरुस्तीने तिथल्या स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला. जर्मनीत तो १९१८ च्या नोव्हेंबरातच मिळाला होता. केस आखूड कापणारी, सिगारेट ओढणारी, एकटीने प्रवास करणारी स्त्री ही दोन्ही देशांत रस्त्यावर दिसणारी वस्तुस्थिती होती. मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी साकारलेली शहरी बाई नेमकी अशीच आहे. मेणबत्तीच्या ज्योतीवर सिगारेट पेटवून ती बाहेर येते आणि जेवायला बसलेल्या म्हाताऱ्या घरमालकिणीला उठवून आपला बूट पुसून घेते. एवढ्या एका कृतीने प्रेक्षकाचे मत तिच्याविरुद्ध वळते. तिला भूतकाळ नाही, कामधंदा नाही, या शेतकऱ्यातच तिला काय दिसले याचे उत्तर नाही. उलट पुरुषासाठी चित्रपट किती कष्ट घेतो पाहा. त्याची चाल ओझ्याखाली दबलेली दिसावी म्हणून जॉर्ज ओब्रायन यांच्या बुटांत वजने घातली होती. अपराधाचे वजन अक्षरशः त्याच्या पायांत भरले गेले, म्हणून तर आपण त्याच्या यातनेशी जोडले जातो.

पत्नीच्या वाट्याला सोनेरी केसांचा घट्ट बसवलेला टोप, तान्हे मूल आणि वाट पाहणे आले आहे. तिचे स्थान सर्वांत स्पष्ट होते ते चर्चमधल्या प्रसंगात. अनोळखी जोडप्याचे लग्न चालू असताना हे दोघे मागे जाऊन बसतात. धर्मगुरू नवऱ्या मुलाला सांगतो की ही मुलगी तरुण आणि अननुभवी आहे, हिला वाट दाखव, हिचे रक्षण कर. हे ऐकून पुरुष ढसाढसा रडतो आणि पत्नी त्याला जवळ घेते. दृश्य अप्रतिम आहे, यात मला शंका नाही. तरीही त्याचा पश्चात्ताप कशाबद्दल आहे? रक्षणासाठी सोपवलेली ठेव आपण मोडायला निघालो, याबद्दल. ती स्वतंत्र जीव आहे आणि तिला स्वतःचे मत आहे, या जाणिवेपर्यंत तो पोहोचत नाही आणि चित्रपटही त्याला तिथवर नेत नाही. पुढे न्हाव्याच्या दुकानात एक सद्गृहस्थ पत्नीशी लगट करू लागतो, तेव्हा हाच नवरा खिशातला चाकू उघडून त्याच्यासमोर धरतो. क्षणभर पत्नीच्या चेहऱ्यावर भीती उमटते. सकाळी होडीत पाहिलेला माणूस तिला पुन्हा दिसला असावा, असे मला वाटते. गेनर यांनी ती भीती दाखवली, हे त्यांचे श्रेय. पुढच्याच क्षणी प्रसंग विनोदाकडे वळतो.

त्या काळातल्या नैतिक वातावरणाचीही आठवण ठेवायला हवी. अमेरिकी निर्मात्यांच्या संघटनेने १९२७ सालीच काय टाळावे आणि काय जपून दाखवावे याची यादी स्वीकारली. जपून दाखवायच्या गोष्टींत विवाहसंस्थेचा उल्लेख होता. ‘सनराइज’ त्या यादीआधीच चित्रित झाला असला तरी दोघांचा श्वास एकाच हवेतला आहे.

चित्रपट २३ सप्टेंबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये, ध्वनिमुद्रित संगीतासह प्रथम दाखवला गेला. दोनच आठवड्यांनी ‘द जॅझ सिंगर’ आला आणि सर्वांचे लक्ष बोलपटाकडे गेले. १६ मे १९२९ रोजी झालेल्या पहिल्या ऑस्कर समारंभात ‘सनराइज’ला वैशिष्ट्यपूर्ण व कलात्मक निर्मितीचा पुरस्कार मिळाला. चार्ल्स रोशर आणि कार्ल स्ट्रस यांना छायाचित्रणाचा, आणि जेनेट गेनर यांना या व आणखी दोन चित्रपटांसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला गेला. मुर्नाउ मात्र १९३१ साली मोटार अपघातात गेले.

कथा तिथे थांबली नाही. १९३९ साली जर्मनीत फाइट हार्लान यांनी झुडरमान यांचीच दीर्घकथा पुन्हा पडद्यावर आणली. क्रिस्टिना झ्योडरबाउम यांनी सोशिक पत्नीची भूमिका केली. मोहात पाडणारी स्त्री यावेळी मोलकरीण नव्हती आणि नुसती शहरी बाईही नव्हती; ती पोलिश होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसले. तीन आवृत्त्यांत नवरा तोच, होडी तीच, बायकोची सोशिकता तीच. दर वेळी बदलली ती फक्त तिसरी स्त्री, आणि समाजाला त्या घडीला ज्याची भीती वाटत होती त्याचे कपडे तिच्या अंगावर चढत गेले.

जुलै १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरी येथे फॉक्सच्या साठवणगृहाला आग लागली. तिच्यात ‘सनराइज’ची मूळ निगेटिव्ह जळाली आणि थीडा बारा यांचे बहुतेक चित्रपटही कायमचे गेले. ‘अ फूल देअर वॉज’ मात्र वाचला. ‘सनराइज’ आज आपण पाहतो तो उरलेल्या प्रतींवरून. त्यातल्या अखेरच्या पहाटे शहरातून आलेली बाई गाडीत बसून गावाबाहेर पडताना दिसते, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यापाशी न थांबता त्या दोघांच्या शय्येकडे परत येतो.