नवा रेडिएटर बसवला, तरी इंजिन गरम का होतं?

गाडीचा गळका रेडिएटर काढला, नवा बसवला, इंजिनाची उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेणारं कूलंट काठोकाठ भरलं, आणि थोडं अंतर गेल्यावर तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला. पहिला संशय नव्या रेडिएटरवर येतो आणि तो बहुतेकदा चुकीचा असतो. खरी गडबड आत अडकलेल्या हवेची असते.

कूलंटचा रस्ता सरळ नाही. इंजिन ब्लॉक, सिलिंडर हेड, होज पाइप, डॅशबोर्डमागची हीटरची जाळी अशी चढ-उताराची वळणं घेत ते फिरतं. उपडा पेला पाण्यात बुडवला तरी आतली हवा सुटत नाही, तशीच ती या वळणांच्या उंच जागी ठाण मांडते. थोडी हवा राहिली तर काय बिघडतं? एक लिटर पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी एक लिटर हवेला साधारण साडेतीन हजार पट कमी लागते. म्हणजे सिलिंडर हेडमध्ये जिथे हवा अडकली, तिथला धातू जवळपास वाऱ्यावरच सोडलेला असतो. त्यातून वॉटर पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला. त्याच्या पात्यांत हवा शिरली की तो नुसताच फिरतो. तापमानाचा सेन्सर हवेत उघडा पडला तर इंजिन उकळत असतानाही काटा निवांत दिसू शकतो. हा प्रकार सगळ्यांत घातक.

थर्मोस्टॅट यात आणखी भर घालतो. थंड इंजिनात तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. त्याच्या पोटातलं मेण साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला वितळून फुगतं आणि झडप उघडते. म्हणून थंड गाडीत काठापर्यंत भरलेलं कूलंट म्हणजे पूर्ण भरलेली यंत्रणा नव्हे. झडप उघडली की पातळी झपकन खाली जाते.

भरताना घाई नको. गाडीचं नाक थोडं चढावर ठेवावं, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यांत उंच येतं. हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करावा आणि बुडबुड्यांशिवाय अखंड धार आली की आवळावा. कूलंट बारीक धारेने ओतावं, अधूनमधून वरचा होज पाइप हाताने दाबावा. मग रेडिएटरची कॅप उघडी ठेवूनच इंजिन सुरू करायचं, पंखा एकदा-दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबायचं, पातळी उतरेल तसं भरायचं आणि कॅप लावायची. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहायची. बहुतेक वेळा थोडं कूलंट आणखी लागतंच. काही गाड्यांत कॅप रेडिएटरवर नसून कूलंटच्या टाकीवर असते, त्यामुळे गाडीचं पुस्तक आधी वाचलेलं बरं.

तापलेल्या इंजिनाची कॅप मात्र कधीही उघडू नये. आतल्या दाबामुळे कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही द्रवच राहतं. दाब सुटला की त्याची क्षणात वाफ होते आणि उकळता फवारा तोंडावर येतो. डबक्यासारखं सांडलेलं कूलंटही तसंच ठेवू नये: त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.

एवढं करूनही इंजिन तापलं तर ते कधी तापतं ते पाहावं. उभ्या गाडीत तापतं आणि पळत्या गाडीत निवतं, तर पंख्याकडे वळा. रेडिएटर बदलताना पंख्याचा कनेक्टर लावायचा राहून जाणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. वरचा होज चटका देतो आणि खालचा थंडगार, तर थर्मोस्टॅट अडकलाय किंवा हवा अजून आत आहे. डॅशबोर्डमागे खळखळ आणि हीटरमधून गार वारा, तर हवाच. गाडी निवल्यावर होज चपटा झाला, तर कॅपमधली छोटी झडप हवा किंवा कूलंट परत आत घेत नाहीये.

पण हवा पुनःपुन्हा काढूनही बुडबुडे थांबतच नसतील, तर ती बाहेरून आलेली हवा नसावी. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधली सीलबंद पट्टी, फुटली की ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये घुसतात. याची चाचणी सोपी आहे: रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा एका निळ्या द्रवातून खेचतात. कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा पडतो, आणि मग रेडिएटर सोडून सिलिंडर हेड उघडावं लागतं.