स्थिरता नियंत्रण सेन्सरची स्कॅनरने तपासणी

गाडी स्टिअरिंगने दाखवलेल्या वाटेपेक्षा कमी किंवा जास्त वळू लागली, की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून आणि इंजिनाचा जोर उतरवून तिला ताळ्यावर आणणारी यंत्रणा म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण (ईएससी किंवा ईएसपी). बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ती १९९५ मध्ये बाजारात आणली. चालकाला कुठे वळायचे आहे हे स्टिअरिंग कोन सेन्सर सांगतो. गाडी खरोखर किती वळते आहे हे यॉ सेन्सर (यॉ म्हणजे गाडीचे उभ्या अक्षाभोवती फिरणे), आडव्या त्वरणाचा सेन्सर आणि चाकांचे वेग सेन्सर सांगतात. गाडी घसरत नसतानाही या दोन बाजू जुळेनाशा झाल्या, की डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचे चित्र असलेला दिवा पेटून राहतो आणि बिघाडाचा कोड साठवला जातो.

डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (गाडीच्या बिघाड-तपासणीच्या) सॉकेटमध्ये स्कॅनर जोडून हा कोड वाचतात. साधे स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड दाखवतात. येथे एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएससी सांभाळणाऱ्या मॉड्यूलपर्यंत, म्हणजे नियंत्रक संगणकापर्यंत, पोहोचणारा स्कॅनर लागतो. आधी बॅटरी बघावी. व्होल्टेज पडले की चांगली मॉड्यूलेही भलतेच कोड टाकतात.

कोडमध्ये सेन्सरचे नाव आले म्हणून सेन्सरच गेला असे नव्हे, आणि सर्वाधिक पैसे वाया जातात ते याच गैरसमजापायी. उदाहरणार्थ, यू०१२६ चा अर्थ स्टिअरिंग कोन सेन्सरशी संपर्क तुटला एवढाच; कारण फ्यूज, ढिला कनेक्टर किंवा तुटकी वायरही असू शकते. म्हणून लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सर त्या क्षणी देत असलेले आकडे, स्कॅनरवर पाहतात. सपाट जागी उभ्या गाडीत चाके सरळ असताना स्टिअरिंगचा कोन, यॉ आणि आडवे त्वरण तिन्ही शून्याच्या आसपास हवेत. स्टिअरिंग सावकाश डावी-उजवीकडे फिरवले की आकडा सलग सरकावा, मध्येच उडी मारू नये आणि बाजू बदलताच चिन्हही बदलावे.

खरी परीक्षा चालत्या गाडीत होते. एकाने चालवावे, दुसऱ्याने पडदा बघावा. ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर यॉ सेकंदाला साधारण ११.५ अंश आणि आडवे त्वरण ०.२ जी (गुरुत्व त्वरणाच्या ०.२ पट) दिसायला हवे. एक आकडा जुळून दुसरा शून्यावरच राहिला, तर संशय त्या सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर. सरळ रस्त्यावर एकाच चाकाचा वेग सतत वेगळा दिसत असेल, तर आधी त्या टायरची हवा आणि माप बघावे.

सेन्सर बदलल्यावर, आणि पुष्कळ गाड्यांत व्हील अलाइनमेंटनंतरही, स्कॅनरनेच शून्यबिंदू पुन्हा नेमावा लागतो. त्या वेळी स्टिअरिंग जरा तिरके राहिले, तर तोच तिरकेपणा यंत्रणा ‘सरळ’ धरून बसते आणि नवा सेन्सर असूनही दिवा परत पेटू शकतो.