गळका स्लॅब: दुरुस्त करायचा की नवा घालायचा?

पावसाने जोर धरला की छताला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात आणि घरात बादल्या मांडल्या जातात. मग एक मिस्त्री म्हणतो वरून केमिकल मारू, दुसरा म्हणतो गच्चीवर नवा कोबा (वीटतुकडे आणि सिमेंटचा जाड थर) घालू, तिसरा स्लॅबच काढायला सांगतो. तिघांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पाणी किती गळतं यावरून हा वाद सुटत नाही. धो धो गळणारा स्लॅब साध्या कामाने कोरडा होऊ शकतो, आणि नुसते तपकिरी ओघळ दिसणारा स्लॅब आतून पोखरलेला असू शकतो. निर्णय आतल्या सळयांच्या हाती असतो.

काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण मात्र दाबाच्या साधारण एक दशांशच. म्हणून स्लॅबच्या खालच्या बाजूला, जिथे ताण येतो तिथे, सळया टाकतात. सिमेंटमुळे काँक्रीटचा सामू (आम्ल-अल्क मोजणारा पीएच) साडेबारा-तेराच्या घरात असतो, आणि एवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचं अतिपातळ कवच टिकून राहतं. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो. सामू 9 च्या खाली उतरला की कवच जातं. समुद्राकाठी काम आणखी लवकर बिघडतं, कारण मिठातले क्लोराइड सामू न उतरताही हे कवच फोडतात. न धुतलेली खाडीची वाळू वापरली असेल, तर हा शत्रू पहिल्या दिवसापासून आतच असतो.

गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो. ताणाला दुबळं असलेलं काँक्रीट तडकतं, सळईखालचा थर सुटतो, तडीतून आणखी पाणी आत जातं आणि गंजाला वेग येतो.

याच्या खुणा डोळ्यांना दिसतात. छताला पांढरी भुकटी किंवा चुन्याची बारीक लोंबती टोकं दिसली, तर पाणी स्लॅबमधून पार होऊन सिमेंटमधला चुना बाहेर आणतंय. ही गळतीची खूण झाली. तपकिरी डाग आणि तडा सरळ, समांतर रेषांत आल्या असतील, तर त्या सळयांच्या रेषा आहेत. हातोडीने छतावर हलकेच ठोकून पाहा. धड काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेला थर बद्द वाजतो. इंजिनिअर थोडं काँक्रीट फोडून ताज्या पृष्ठभागावर फिनॉलफ्थॅलिन हे सामूनुसार रंग बदलणारं रसायन शिंपडतात. गडद गुलाबी झालेला भाग अजून अल्कधर्मी असतो. रंग न आलेला पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल तर कार्बन डायऑक्साइडने आपलं काम केलेलं आहे. शेवटी सळई घासून तिची जाडी मोजतात. 8 मिलिमीटरची सळई 7 वर आली तर फरक एकच मिलिमीटरचा वाटतो, पण सळईतलं लोखंड व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, म्हणून जवळजवळ 23 टक्के लोखंड गेलेलं असतं.

सळया ठणठणीत असतील तर स्लॅब पाडण्याचं काहीच कारण नाही. पाणी कुठून शिरतं तेवढं शोधायचं. ओल बाराही महिने असेल तर आधी पाइप, टाकी आणि वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर तपासावं. फक्त पावसाळ्यात असेल तर गच्चीवर बांध घालून एक-दोन दिवस पाणी साठवून पाहावं. बहुतेक वेळा वाट सापडते ती कठड्याच्या सांध्यात, पावसाळी पाइपच्या तोंडाशी किंवा टाकीच्या पायाखाली. तापमान 40 अंशांनी बदललं की 10 मीटरचं काँक्रीट सुमारे 4 मिलिमीटर लांब-आखूड होतं, त्यामुळे सिमेंटने भरलेली भेग पुढच्या उन्हाळ्यात परत उघडते. तिथे लवचीक साहित्यच हवं, आणि तेही पूर्ण वाळलेल्या गच्चीवर. ओल्या स्लॅबवर थर दिला की आत अडकलेल्या पाण्याची उन्हात वाफ होते आणि थराला फुगे येतात.

जुन्या कोब्यावर नवा कोबा घालणं मला सगळ्यात घातक वाटतं. वीटतुकड्यांच्या 10 सेंटिमीटर कोब्याचं वजन दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरतं. वापरत्या गच्चीवर माणसं आणि सामान धरून साधारण 150 किलो भार गृहीत धरावा, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे गळती थांबवण्याच्या नादात आपण गच्ची माणसांनी भरल्यापेक्षाही जास्त ओझं तिच्यावर कायमचं ठेवतो, तेही सळया झिजत असताना. जुना कोबा काढल्याशिवाय नवा घालू देऊ नये.

गंज मोजक्या जागी असेल तर तेवढं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडून, गंज साफ करून, जोडीला नवी सळई देऊन पॉलिमर-मॉर्टरने भरतात. खारवलेल्या स्लॅबमध्ये इथे एक खोच आहे. गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. गंजणारी जागा आजवर शेजारच्या सळईचं आपोआप रक्षण करत असते. तिथे नवं, निर्मळ काँक्रीट भरलं की ते रक्षण संपतं आणि ठिगळाच्या कडेलाच नवा गंज सुरू होतो. दर दोन-तीन वर्षांनी शेजारचा तुकडा पडतो तो यामुळे. क्लोराइड स्लॅबभर पसरलेले असतील, सळया जागोजागी झिजलेल्या असतील, तर ठिगळांवर पैसे घालणं सोडून स्लॅब नवा घालावा. मात्र स्लॅब तुळयांशी आणि शेजारच्या खोल्यांच्या स्लॅबशी एकसंध असतो. टेकू कुठे आणि तोडायचं कुठून, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवायचं.

गच्चीवर पत्र्याची शेड हा मधला मार्ग. पालिकेची परवानगी मिळाली तर तो चांगला आहे, कारण कोरड्या काँक्रीटमध्ये गंज मंदावतो. पण झिजलेली सळई शेडने भरून येत नाही. खालून पीओपी मारून डाग झाकणं तर धोका डोळ्यांआड करणंच आहे.

सोसायटीत सर्वात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हा खर्च एकट्याने उचलू नये. महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) गच्चीच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीची जबाबदारी आहे. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायचं असतं. त्या अहवालात किती सळया उघडून पाहिल्या, त्यांची जाडी किती उरली, सामू सळईपर्यंत उतरला आहे का आणि क्लोराइड किती, एवढे आकडे मागा. ते नसतील तर ठेकेदारांची दरपत्रकं उघडण्याआधी अहवाल परत पाठवा.