प्रोबायोटिकने कॅन्सर बरा होतो? नाही हो!
ते फॉरवर्ड परत फिरतंय, की रोज दही खा नाहीतर प्रोबायोटिक (म्हणजे जिवंत चांगल्या बॅक्टेरियांच्या) कॅप्सूल घ्या, कॅन्सर जातो. असं काही सिद्ध झालेलं नाहीये. आतड्यातल्या बॅक्टेरियांचा इम्युनोथेरपीवर (शरीराची प्रतिकारशक्ती वापरून कॅन्सरशी लढायच्या उपचारावर) परिणाम होतो हे मात्र खरंय, म्हणूनच तर जपून राहायचं, कारण 2021 मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर हॉस्पिटलच्या टीमने मेलानोमावर (त्वचेच्या एका कॅन्सरवर) काम केलं त्यात रोज किमान 20 ग्रॅम फायबर खाणाऱ्या पेशंटना जास्त फायदा दिसला, आणि उंदरांना दुकानातलं प्रोबायोटिक दिलं तर इम्युनोथेरपीचा असर उलट कमी झाला! किमोत पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर हेच जिवंत बॅक्टेरिया क्वचित रक्तात शिरून इन्फेक्शन करतात. घरात पेशंट असेल तर प्लीज, ऑन्कोलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरांना) विचारल्याशिवाय कॅप्सूल देऊ नका.