पवनचक्की बांधणारी शाळा

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, उल्फबोर्ग गावाबाहेर, ट्विंड नावाच्या शाळांच्या आवारात एक पवनचक्की उभी आहे. मनोरा काँक्रीटचा, 53 मीटर उंच. तीन पाती फिरताना जे वर्तुळ काढतात त्याचा व्यास 54 मीटर. 26 मार्च 1978 रोजी ती पहिल्यांदा फिरली तेव्हा जगात तिच्याएवढी मोठी पवनचक्की दुसरी नव्हती. आणि ती बांधली होती शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि मदतीला आलेल्या शेकडो लोकांनी, जवळजवळ तीन वर्षं खपून. ती आजही वीज देते.

शाळेत पवनचक्की बसवायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, वीजबिल किती वाचेल? हिशेब करायलाच हवा आणि तो पुढे करूही. पण मला आधी ट्विंडच्या मुलांच्या हातांबद्दल सांगायचं आहे.

1973 साली तेलाचे भाव भडकले. डेन्मार्कची ऊर्जेची बहुतेक गरज आयात तेलावर भागत होती, आणि सरकार अणुवीज केंद्रांचा विचार करत होतं. ट्विंडच्या शिक्षकांनी ठरवलं, आपण वाऱ्यावर वीज करून दाखवू. पैसे त्यांनी आपल्या पगारातून उभे केले. नवी यंत्रं परवडणारी नव्हती, म्हणून मुख्य दांडा आला जहाजाच्या सामानातून, गिअरबॉक्स स्वीडनमधल्या खाणीतून आणि जनित्र तिथल्याच एका कागद कारखान्यातून. खाणीत तो गिअरबॉक्स मोटरचा वेग कमी करायचा. इथे तो उलटा जोडला, म्हणजे पात्यांची संथ फिरकी जनित्रापर्यंत जाताना वेगवान होते.

खरी कसोटी पात्यांची होती. प्रत्येक पातं सुमारे 27 मीटर लांब, पाच टनांच्या आसपास वजनाचं, फायबरग्लासचं. काचेचे धागे रेझिनमध्ये, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवायचे आणि साच्यात थरावर थर बसवायचे, सगळं हातानं. पातं जिथे मधल्या चाकाला जोडलं जातं, त्या मुळाशी सगळा ताण येतो. तिथे बोल्टसाठी सरळ भोकं पाडली तर धागे तुटतात आणि पातं नेमकं तिथेच कमजोर होतं. यावरचा उपाय उलरिश ह्युटर या अभियंत्यानं जर्मनीत 1950 च्या दशकात काढला होता. धागा कापायचाच नाही, बोल्टसाठी बसवलेल्या पोलादी नळीला वळसा घालून तो परत पात्यात न्यायचा. दावं खुंटीला वेढा घालून मागे घ्यावं तसंच हे. ट्विंडच्या लोकांनी जर्मनीत जाऊन ही पद्धत समजून घेतली आणि आपल्या पात्यांत वापरली. पुढे डेन्मार्कमधल्या लहान पवनचक्क्यांची पाती करणाऱ्यांनाही ती उपयोगी पडली.

याच काळात जर्मनीनं सरकारी पैशानं 3 मेगावॉटची, 100 मीटर व्यासाची ग्रोवियान नावाची चक्की उभारली. 1983 ते 1987 या काळात ती जेमतेम 420 तास चालली आणि 1988 साली उतरवली गेली. ट्विंडची चक्की 2 मेगावॉटची असली तरी तिला बहुतेक वेळ निम्म्याच ताकदीवर चालवलं, आणि हा संयम तिच्या दीर्घायुष्याला उपकारक ठरला असं मला वाटतं. 1993 साली तिची पातीही बदलली. ट्विंड संस्थेच्या म्होरक्यांवर पुढे आर्थिक व्यवहारांवरून खटले चालले, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण साच्यात वाकून धागे बसवणाऱ्या मुलांनी जे केलं, त्याचं मोल त्यानं कमी होत नाही.

आता हिशेब. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. कारण एका सेकंदात पात्यांतून जाणारी हवाच दुप्पट होते, आणि त्या हवेच्या प्रत्येक किलोत चौपट ऊर्जा असते. दोन गुणिले चार, आठ. समजा शाळेनं 2 मीटर व्यासाची छोटी चक्की घेतली. सेकंदाला 5 मीटर, म्हणजे ताशी 18 किलोमीटर वाऱ्यात तिच्या वर्तुळातून सुमारे 240 वॉट शक्ती वाहते. ती सगळी काढता येत नाही. हवा पूर्ण थांबवली तर मागची हवा येणार कुठून? जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी दाखवलेली वरची मर्यादा 59.3 टक्के आहे. लहान चक्कीला 30 टक्के मिळाले तरी खूप. म्हणजे हातात पडले 70 वॉट, वर्गातला एक जुना पंखा. वारा निम्मा झाला की उरतात 9 वॉट, एक एलईडी दिवा, तेही चक्की फिरली तर. बऱ्याच लहान चक्क्या सेकंदाला 3 मीटरपेक्षा कमी वाऱ्यात हलतच नाहीत.

म्हणून चक्की कुठली घ्यावी यापेक्षा ती कुठे आणि किती उंच उभी राहील हे महत्त्वाचं. शाळेच्या गच्चीवर बसवणं ही सर्वांत मोठी चूक. वारा भिंतीवर आदळून वर चढतो, कठड्याशी फाटतो आणि गच्चीवर त्याचे भोवरे होतात. भोवऱ्यात पाती सारखी दिशा बदलत राहतात, वीज कमी मिळते, बेअरिंग लवकर झिजतं आणि थरथर स्लॅबमधून खालच्या वर्गात उतरते. जाणकारांचा ठोकताळा असा, की 150 मीटरच्या आत जे काही सर्वांत उंच असेल, त्याच्यापेक्षा पात्याचं खालचं टोक किमान 10 मीटर वर हवं. मैदानाच्या कडेला 12 मीटरचं आंब्याचं झाड असेल तर मनोरा 22 मीटरच्याही वर गेला. त्याचा पाया आला, ताणाच्या तारा आल्या, आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणारा तडितवाहक आला. आणि मनोरा कोसळला तरी मुलं खेळतात तिथे पोचणार नाही एवढं अंतर आलं. चारही बाजूंनी इमारती असलेल्या शहरी शाळेला माझं सरळ सांगणं आहे, गच्चीवर सौरपॅनल लावा.

पण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीसारख्या पठारावरची किंवा देवगडसारख्या किनाऱ्यावरची शाळा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जून ते ऑगस्टमध्ये, ढगांमुळे सौरपॅनल मंदावतं तेव्हाच, वारा जोर धरतो. शाळाही तेव्हा भरलेली असते.

ट्विंडच्या कितीतरी आधी, 1891 साली, डेन्मार्कमध्येच आस्कोव इथल्या लोकशाळेत पॉल ला कूर नावाच्या शिक्षकानं पवनचक्कीवर वीज केली होती. वारा पडला की दिवे विझू नयेत म्हणून त्यानं विजेनं पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवला, आणि 1895 ते 1902 पर्यंत शाळेचे दिवे त्यावर जळले. हायड्रोजनमध्ये चुकून थोडा ऑक्सिजन मिसळला की स्फोट व्हायचा आणि खिडक्यांच्या काचा बदलाव्या लागायच्या. तरी प्रयोग थांबले नाहीत. त्यानं वातबोगदा, म्हणजे हवेच्या झोतात पाती तपासायची बंदिस्त नळी, बांधून दाखवून दिलं, की पुष्कळ पात्यांच्या संथ चक्कीपेक्षा थोड्या पात्यांची वेगवान चक्की वीज करायला सरस. 1904 साली त्याच्याकडे गावोगावच्या वीजतंत्राचा अभ्यासक्रम शिकायला योहानेस यूल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आला. त्याच यूलनं 1957 मध्ये गेडसर इथे तीन पात्यांची 200 किलोवॉटची चक्की उभारली. आज चाळकेवाडीला दिसणारी तीन पात्यांची रचना त्याच वाटेनं आलेली आहे.

आपल्या शाळेचा वारा पाहायला मात्र विकतचं काही लागत नाही. मैदानात विजेच्या तारांपासून दूर मोठा पतंग उडवा, मांजा नायलॉनचा नको, साधा दोरा घ्या. दोऱ्याला दर दोन-तीन मीटरवर हलक्या कापडाची हातभर पट्टी बांधत सोडा. खालच्या पट्ट्या इकडेतिकडे फडफडत राहतील, तिथे भोवरे आहेत. वर एका उंचीपासून त्या ताणून एकाच दिशेला सरळ राहतील. कितव्या पट्टीपासून त्या सरळ होतात ते मुलांना मोजायला लावा, दोऱ्याच्या कोनावरून उंची काढायला लावा, त्रिकोणमिती तशीही दहावीत आहेच. हे आठवड्यातून एकदा, वर्षभर करा. जूनची आणि डिसेंबरची पानं शेजारी ठेवली की मनोरा किती उंच हवा आणि तो उभारावा की नाही, हे मुलंच सांगतील.