जर्मनीत शिक्षण ‘फुकट’ म्हणजे नेमकं काय?

‘जर्मनीत शिक्षण फुकट, फक्त विमानाचं तिकीट काढा’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात निम्मं खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांकडूनही ट्यूशन फी घेत नाहीत. खासगी घेतात, आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. बाकी बहुतेक ठिकाणी किरकोळ सेमिस्टर शुल्क, त्यात बऱ्याचदा बस-रेल्वेचा पासही येतो.

खरा भार राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी वर्षभराचा खर्च (२०२४ च्या नियमाने ११,९०४ युरो) बहुतेकजण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवून दाखवतात. ही फी नव्हे. पैसे तुमचेच, दरमहा ठरावीक रक्कम हाती येते.

एजंटाला विचारण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या अभ्यासक्रमाचं शुल्काचं पान उघडा. ब्लॉक्ड अकाउंटचा चालू आकडा जर्मन वकिलातीच्या संकेतस्थळावर मिळतो.